जोडीदार अमेरिकन, संसार पुण्यात: ग्रीन कार्डाचा मार्ग कोणता आणि मुख्य म्हणजे कधी

नव्वदच्या दशकात आणि दोन हजारच्या आसपास एच-१बीवर अमेरिकेत गेलेली, तिथे मूल झाल्यावर काही वर्षांनी परत आलेली मराठी कुटुंबं पुण्यात, ठाण्यात, नाशकात भरपूर सापडतील. ती मुलं आता पंचविशी-तिशीत आहेत. खिशात अमेरिकन पासपोर्ट, इथे राहायला ओसीआय कार्ड, नोकरी हिंजवडीत किंवा बाणेरला, आणि लग्न इथल्याच मुलाशी किंवा मुलीशी. मग साखरपुड्याच्या पंगतीतच कुणीतरी काका विचारतात, "आता हिचं ग्रीन कार्ड कधी?"

काकांचा प्रश्न बरोबर आहे, फक्त त्याचं उत्तर फॉर्ममध्ये शोधू नये. दोघांनाही पुढची दोन-चार वर्षं भारतातच, किंवा दुबई-सिंगापूरला, राहायचं असेल तर ग्रीन कार्ड लवकर मिळणं हा फायदा नसून डोक्याला ताप आहे. ते कार्ड अमेरिकेत राहण्यासाठी असतं. न राहता ते टिकवायची कसरत करावी लागते आणि त्या कसरतीचा खर्च दरवर्षी येतो. म्हणून हा लेख मार्गांबरोबर वेळेबद्दलही आहे.

पहिली पायरी: तीन प्रश्न, कागदावर

नवरा-बायकोंनी एकत्र बसून, सासर-माहेर बाजूला ठेवून, याची उत्तरं लिहून काढावीत.

अमेरिकेत खरोखर राहायला कधी जायचंय? "बघू कधीतरी" हेही उत्तर आहे, पण मग त्याप्रमाणे वागा.

तोपर्यंत अमेरिकेत जाणं-येणं किती आणि कशासाठी? भावाचं लग्न, आजारी आत्या, फिरणं, एवढंच असेल तर पर्यटक व्हिसा पुरतो.

तुमच्यापैकी जो अमेरिकन आहे तो नागरिक आहे की नुसता ग्रीन कार्डधारक? याने सगळं गणित बदलतं. नागरिकाचा नवरा किंवा बायको 'इमिजिएट रिलेटिव्ह' या वर्गात येते. त्या वर्गाला वार्षिक कोटा नाही आणि रांगही नाही. ग्रीन कार्डधारकाचा जोडीदार एफ२ए या वर्गात येतो, तिथे कोटा आहे आणि दर महिन्याच्या व्हिसा बुलेटिनमध्ये तारीख पाहत बसावं लागतं. २०१९च्या मध्यापासून २०२३च्या सुरुवातीपर्यंत ही रांग जवळपास नव्हतीच, त्यामुळे जुन्या अनुभवावरून सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. एप्रिल २०२३ पासून ती पुन्हा लागली.

ग्रीन कार्डधारक स्वतःच बहुतेक काळ भारतात राहत असेल तर जास्तच जपून. जोडीदाराच्या अर्जाच्या निमित्ताने अधिकारी आधी अर्ज करणाऱ्याचंच कार्ड तपासतील. तो इथे स्थायिक झालाय असं त्यांना वाटलं तर जोडीदाराचा अर्ज राहिला बाजूला, मूळ कार्डावरच गंडांतर येतं. अशा घरात एकच सल्ला देता येतो: आधी त्याने परत जाऊन नागरिकत्व पूर्ण करावं, किंवा जोडीदाराचा अर्ज टाकून स्वतः तिकडे राहावं. अर्ज चालू असताना तो नागरिक झाला तर तीच फाइल इमिजिएट रिलेटिव्हमध्ये वर चढते, नवी करावी लागत नाही. फक्त मुलं असतील तर लक्ष ठेवा. एफ२एमध्ये मुलं जोडीदाराच्याच फाइलमध्ये बसतात, इमिजिएट रिलेटिव्हमध्ये बसत नाहीत. प्रत्येक मुलासाठी वेगळा आय-१३०, म्हणजे नातेवाइकासाठी भरायचा मूळ अर्ज, लागतो.

इथून पुढे मी एक जण अमेरिकन नागरिक आहे असंच धरतो.

दुसरी पायरी: कोणते मार्ग खरे, कोणते नावापुरते

*मंगेतराचा के-१.* इंटरनेटवर सर्वांत जास्त चर्चा याचीच. लग्नाआधी अर्ज, अमेरिकेत उतरल्यापासून नव्वद दिवसांत लग्न, मग तिथेच आय-४८५ भरून ग्रीन कार्ड. अर्जाआधीच्या दोन वर्षांत दोघं प्रत्यक्ष भेटलेले असावे लागतात. साखरपुडा झालेला चालतो, सप्तपदी किंवा नोंदणी झालेली चालत नाही. ती झाली की तुम्ही मंगेतर राहिला नाहीत. भारतात राहणाऱ्या जोडप्यासाठी हा मार्ग सर्वांत गैरसोयीचा. आय-४८५ भरल्यावर प्रवासाची वेगळी परवानगी येईपर्यंत अमेरिकेबाहेर पाऊल टाकता येत नाही. म्हणजे लग्न तिकडे, महिनोन् महिने मुक्काम तिकडे, नोकरी इकडे. शिवाय आय-४८५ची फी १,४४० डॉलर वेगळी. लग्न इथेच करायचं असेल तर हा विचार सोडून द्या.

*के-३.* नागरिकाच्या परदेशी जोडीदारासाठीचा व्हिसा. कागदावर आहे. व्यवहारात त्याचा अर्ज निकाली निघेपर्यंत मूळ आय-१३०चाच निकाल लागतो आणि के-३ बंद होतो. पुढे.

*थेट कॉन्सुलेटमध्ये अर्ज.* "आमच्या मावसभावाने दिल्लीतच फाइल केली आणि काही महिन्यांत काम झालं" असं सांगणारे असतील तर ते खरंच बोलताहेत, पण जुन्या काळाबद्दल. २०२० पासून नेहमीचे आय-१३० अमेरिकेतच जातात. परदेशात तो स्वीकारणं अपवादात्मक परिस्थितीपुरतं उरलंय: गंभीर वैद्यकीय कारण, किंवा अमेरिकन जोडीदाराची ध्यानीमनी नसताना ऐनवेळी अमेरिकेत झालेली बदली वगैरे. कंपनीने अचानक बदलीचं पत्र हातात दिलं तर विचारून पाहायला हरकत नाही. त्यावर योजना आखू नका.

*पर्यटक म्हणून जाऊन तिथेच कार्ड.* हा सल्ला फार सहज दिला जातो. नागरिकाचा जोडीदार कायदेशीर प्रवेश करून आत असेल तर त्याला तिथून आय-४८५ भरता येतो, हे खरं. पण बी-२वर, म्हणजे पर्यटक व्हिसावर, उतरताना मनात तेच असेल, आणि विमानतळावर "फिरायला आलो" म्हटलं असेल, तर ती खोटी माहिती ठरते. त्याचा डाग जन्मभराचा असतो, माफीचा अर्ज करता येतो पण तो सोपा नाही. उतरल्यापासून नव्वद दिवसांच्या आत असं काही केलं तर संशय आपोआप येतो. एक्क्याण्णवाव्या दिवशी केलं म्हणून पाप धुतलं जातं असंही नाही.

उरले दोन खरे मार्ग, आणि इथे राहणाऱ्या बहुतेकांना दोन्ही लागतात, एकामागून एक: आत्तापुरता बी-२, आणि जायचं ठरल्यावर आय-१३० मार्गे इमिग्रंट व्हिसा.

तिसरी पायरी: बी-२ आधी, आय-१३० नंतर

हा क्रम महत्त्वाचा. बी-२च्या अर्जाच्या डीएस-१६० फॉर्ममध्ये सरळ प्रश्न आहे: तुमच्या नावे कुणी इमिग्रंट अर्ज केला आहे का? आय-१३० भरलेला असेल तर उत्तर 'हो', आणि मग खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्याला पटवायचं असतं की तुम्ही यावेळी मात्र परत येणार. बंदी नाही, पण चढण वाढते.

लग्न झालेलं लपवायचं नाही, जोडीदार अमेरिकन आहे हेही नाही. प्रश्न येतोच: "नवरा अमेरिकन आहे, मग तुम्ही तिथे का राहत नाही?" याचं उत्तर तुमच्या आयुष्यात असायला हवं. दोघांच्या नावावरचा भाडेकरार, दोघांची इथली नोकरी, मुलाची शाळा. "सध्या आम्ही पुण्यात स्थायिक आहोत, तीन आठवड्यांसाठी सासू-सासऱ्यांना भेटायला जातोय" हे खरं असेल तर ते सांगायला कठीण जात नाही. फी १८५ डॉलर. मिळाला तर भारतीयांना सहसा दहा वर्षांचा मिळतो, आणि तेवढ्यावर कितीतरी जोडप्यांची पुढची पाच-सात वर्षं निवांत जातात. नाकारला गेला तर जग बुडत नाही, त्या नकाराने पुढचा इमिग्रंट व्हिसा अडत नाही. फक्त खोटं बोलून नकार घेऊ नका.

चौथी पायरी: डोमिसाइल, जिथे घोडं पेंड खातं

आय-१३० स्वतः अवघड नाही. अमेरिकन जोडीदाराचा पासपोर्ट, लग्नाचा दाखला, दोघांचे फोटो, लग्न खरं असल्याचे पुरावे. १ एप्रिल २०२४ पासूनची फी ऑनलाइन ६२५ डॉलर, कागदावर ६७५. भरण्याआधी इमिग्रेशन खात्याच्या साइटवर आकडा पुन्हा पाहा. एक वर्षाच्या वर वेळ सहज जातो.

खरी अडचण पुढच्या फॉर्ममध्ये आहे. आय-८६४, म्हणजे जोडीदाराच्या पोटापाण्याची हमी. ती देणाऱ्याचं वास्तव्य अमेरिकेत असावं लागतं. याला डोमिसाइल म्हणतात. आठव्या वर्षी परत आलेल्या, शाळा-कॉलेज पुण्यात केलेल्या, अमेरिकेत एक डॉलरही न कमावलेल्या मुलाकडे ते कुठून असणार?

दोन वाटा आहेत. एक, तुम्ही तात्पुरते बाहेर आहात हे दाखवायचं: अमेरिकन कंपनीने ठरावीक मुदतीसाठी पाठवलंय, तिकडे घर आहे, मतदान करता. परत आलेल्यांच्या मुलांना ही वाट फारशी लागू पडत नाही. दुसरी, जोडीदाराच्या आधी किंवा त्याच्याबरोबरच तुम्ही अमेरिकेत वास्तव्य सुरू करणार हे पटवायचं. 'नंतर येईन' चालत नाही. "ती पुढे जाऊ दे, मी प्रोजेक्ट संपवून सहा महिन्यांनी जातो" असं मुलाखतीत निघालं तर फाइल तिथेच अडकते.

पटवायचं म्हणजे कागदांनी. अमेरिकेतलं चालू बँक खातं. नोकरीचे अर्ज, मुलाखतींचे ईमेल, ऑफर लेटर असेल तर उत्तमच. राहायची सोय: मिशिगनमधला मामा "माझ्याकडे उतरतील" असं सहीचं पत्र आणि आपल्या घराचा कागद देत असेल तर तोही पुरावा. मुलाच्या शाळेची चौकशी. इथल्या नोकरीचा राजीनामा किंवा बदलीचं पत्र. सामान हलवण्याचं कोटेशन. ड्रायव्हिंग लायसन्स, मतदार नोंदणी. यातला एकच कागद पुरेसा असं काही नाही, सगळे मिळून एक गोष्ट सांगतात. काही जोडपी अमेरिकन जोडीदाराला मुलाखतीच्या तीन-चार महिने आधीच पुढे पाठवतात. खर्चिक आहे, पण डोमिसाइलचा प्रश्न त्याने सर्वांत स्वच्छ सुटतो.

एक गैरसमज इथेच दूर करतो. "डोमिसाइल नसेल तर जॉइंट स्पॉन्सर आहे ना, न्यू जर्सीचे काका." काका उत्पन्नाची कमतरता भरून काढतात. वास्तव्याची नाही. मुख्य अर्जदाराचं डोमिसाइल बसल्याशिवाय काकांचा फॉर्म कोरा कागद आहे.

आता उत्पन्न. कुटुंबाच्या आकारानुसार अमेरिकी सरकारच्या दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के कमाई दाखवावी लागते. २०२५च्या आकड्यांनुसार दोघांच्या कुटुंबाला वर्षाला २६,४३७ डॉलर. हिंजवडीतला पगार यापेक्षा जास्त असेलही, पण अमेरिकेत गेल्यावर तो बंद होणार असेल तर तो धरत नाहीत. त्याच मालकाकडे तिकडून काम चालू राहणार असेल तर धरतात, तसं कंपनीचं पत्र हवं.

पगार नसेल तर मालमत्ता. नागरिकाच्या जोडीदारासाठी कमतरतेच्या तिप्पट, इतर नात्यांसाठी साधारणपणे पाचपट. कमाई शून्य धरली तर २६,४३७ गुणिले तीन, म्हणजे ७९,३११ डॉलर. मुदत ठेवी, शेअर, म्युच्युअल फंड चालतात आणि भारतीय जोडीदाराच्या नावावरचेही चालतात, हे पुष्कळांना माहीत नसतं. फ्लॅट चालतो, पण कर्ज वजा करून, अधिकृत मूल्यांकनासकट, आणि वर्षभरात विकून पैसे देशाबाहेर नेता येतील असं दाखवून. भारतात राहणाऱ्याला रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात, मूल्यांकनाच्या अहवालाबरोबर तेवढी ओळ जोडावी. सासऱ्यांच्या नावावरचा कोथरूडचा फ्लॅट मात्र मोजत नाहीत, कितीही प्रशस्त असला तरी.

मध्येच: टॅक्स रिटर्न

आय-८६४ला शेवटच्या वर्षाचं अमेरिकन रिटर्न लागतं, आणि इथे बरीच घरं पहिल्यांदा जागी होतात. अमेरिकन नागरिक जगात कुठेही कमावत असला तरी त्याला तिकडे रिटर्न भरावं लागतं. आपण भारतात टॅक्स भरतो, मग तिकडे कशाला, हा तर्क त्यांना मान्य नाही. त्यात गंमत अशी की जोडीदार अमेरिकन नसेल आणि तुम्ही 'विवाहित, स्वतंत्र' म्हणून भरत असाल तर भरण्याची मर्यादा आहे अवघी ५ डॉलर. 

प्रत्यक्ष कर बहुतेकांना लागत नाही. फॉर्म २५५५ने २०२५ साठी १ लाख ३० हजार डॉलरपर्यंतचं परदेशी कमाईचं उत्पन्न वगळता येतं. पण भरणं वेगळं आणि कर लागणं वेगळं. शिवाय अमेरिकेबाहेरच्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा वेगळा फॉर्म. पुण्यात नोकरी करणाऱ्याचं बचत खातं, पीपीएफ आणि एफडी मिळून ते सहज होतं. मागची वर्षं राहून गेली असतील, आणि ती जाणूनबुजून राहिली नसतील, तर स्ट्रीमलाइन्ड नावाची सोय आहे: तीन वर्षांची रिटर्न, सहा वर्षांचे एफबार, आणि का राहिलं याचं निवेदन. हे आय-८६४ भरायच्या आदल्या आठवड्यात करायचं काम नाही. आय-१३० टाकला त्याच महिन्यात सीएकडे जा, आणि अमेरिकन रिटर्न नेहमी भरणाऱ्या सीएकडेच.

पाचवी पायरी: दोन वर्षांचा हिशोब

लग्नाला दोन वर्षं पूर्ण व्हायच्या आत अमेरिकेत पाऊल टाकलं तर सीआर-१ वर्गाचा व्हिसा, आणि दोन वर्षांचं सशर्त कार्ड. ते संपण्याआधीच्या नव्वद दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१ भरायचा: पुन्हा ७५० डॉलर, पुन्हा पुरावे, पुन्हा बोटांचे ठसे. दोन वर्षं पूर्ण झाल्यावर प्रवेश केला तर आयआर-१, आणि थेट दहा वर्षांचं कार्ड.

मोजणी प्रवेशाच्या दिवसाची आहे. अर्जाच्या दिवसाची नाही, मुलाखतीचीही नाही. परदेशात राहणाऱ्या जोडप्याला घाई नसते, त्यामुळे इथे थांबण्याचा चोख फायदा मिळतो. लग्नानंतर सहा-आठ महिन्यांनी आय-१३० टाकला तर बहुतेक वेळा मुलाखतीपर्यंत दोन वर्षं आपोआप होतात. व्हिसावर सीआर-१ छापला असेल पण विमानतळावर उतरताना लग्नाचा दुसरा वाढदिवस उलटला असेल तर अधिकाऱ्याला लग्नाचा दाखला दाखवून आयआर-१ करून मागा. दाखला हातातल्या बॅगेत ठेवा, तो कार्गोत गेला की गेला.

सहावी पायरी: फाइल मंजूर, पण जायचं लांबलं

आय-१३० मंजूर झाला की फाइल न्यू हॅम्पशायरमधल्या नॅशनल व्हिसा सेंटरकडे जाते. तिथे ३२५ डॉलर व्हिसा फी, १२० डॉलर हमीपत्राची फी, इमिग्रंट व्हिसाचा डीएस-२६० फॉर्म, आणि कागद अपलोड करायचे.

इथे गाडी थांबवता येते. मंजुरीला मुदत नसते. केंद्राकडून सूचना आल्यावर वर्षभर तुम्ही काहीच केलं नाही तर मात्र फाइल रद्द होऊ शकते. म्हणून जायचं लांबलं तर वर्षातून निदान एकदा त्यांच्याशी संपर्क ठेवा: ऑनलाइन चौकशीचा फॉर्म भरा, किंवा नुसतं लॉगिन करून काहीतरी पुढे सरकवा. आलेलं उत्तर जपून ठेवा, कॅलेंडरमध्ये स्मरण लावा. फाइल अशी दोन-तीन वर्षं झोपवून ठेवता येते. पुढच्या वर्षी जाऊ, म्हणणाऱ्यांसाठी याहून चांगली जागा नाही. पण एकदा मुलाखत होऊन व्हिसा लागला की घड्याळ सुरू होतं. वैद्यकीय तपासणीच्या तारखेपासून साधारण सहा महिन्यांत प्रवेश करावा लागतो. म्हणून मुलाखतीसाठी 'तयार' म्हणण्याआधी नोकरी, घर, मुलाची शाळा, सगळ्यांच्या तारखा जुळवा.

कागद: मधल्या नावाची भानगड

हे मराठी घरांचं खास दुखणं आहे, म्हणून जरा थांबतो. मुलीच्या दहावीच्या सर्टिफिकेटवर तिचं नाव, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. लग्नानंतरच्या आधारवर तिचं नाव, नवऱ्याचं नाव, सासरचं आडनाव. पासपोर्ट जुनाच. पॅनवर अजून तिसरंच. जन्मदाखल्यावर कधी फक्त 'कन्या'. आपल्याला यात काही वावगं वाटत नाही. पलीकडच्या अधिकाऱ्याला मात्र या चार बायका वाटू शकतात.

उपाय साधा आहे पण लग्नानंतर लगेच करायचा. एक नाव ठरवा, पासपोर्टवरचं, आणि आय-१३०, डीएस-२६०, विमानाचं तिकीट सगळीकडे अक्षरशः तेच लिहा. बाकीची रूपं 'वापरलेली इतर नावं' या रकान्यात एकूण एक टाका. पासपोर्टवर नाव बदलायचं असेल तर अर्जाआधी बदला, मध्येच नको. नाव न बदलण्याचा पर्याय सर्वांत कमी कटकटीचा, हे माझं मत. सासूबाईंचं वेगळं असू शकतं.

लग्नाचा दाखला म्हणजे मंगल कार्यालयाची पावती नव्हे. महाराष्ट्रात १९९८च्या कायद्याखाली महापालिकेत, नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत नोंदणी करून मिळतो तो नमुना 'ई'. विशेष विवाह कायद्याने करणार असाल तर तीस दिवसांची नोटीस धरून चला. गोव्यात लग्न असेल तर सिव्हिल रजिस्ट्रारकडे दोनदा जावं लागतं, आधी इराद्याची नोंद आणि मग सही. विमानाची तिकिटं त्या हिशोबाने काढा.

जन्मदाखल्यावर नाव नसेल तर ते घालून घ्या. नोंदच नसेल तर निबंधकाकडून 'नोंद आढळत नाही' असा दाखला आणि आई-वडील किंवा जवळच्या ज्येष्ठ नातेवाइकांची दोन प्रतिज्ञापत्रं. फक्त मराठीत असलेल्या कागदाला इंग्रजी भाषांतर आणि भाषांतरकाराचं सहीचं निवेदन जोडा. पोलिसांचा दाखला भारतापुरता पासपोर्ट कार्यालयातून मिळतो. वयाच्या सोळाव्या वर्षानंतर दुसऱ्या कुठल्या देशात वर्षभर राहिलेले असाल तर तिथलाही लागतो. दुबईहून परत येणाऱ्यांनी तो तिथून निघायच्या आधीच काढावा. मस्कत-दोहा सोडल्यावर इथून ईमेलवर काढणं फार जिकिरीचं होतं.

लग्न खरं असल्याचे पुरावे तुमच्याकडे आपोआप असतात, कारण तुम्ही एकत्र राहता. एकत्र नांदणाऱ्या जोडप्याला ही बाजू सोपी. भाडेकरार, संयुक्त खातं, विम्यात एकमेकांची नामनिर्देशनं. फोटोंत फक्त दोघांचे प्री-वेडिंग नकोत, हळदीत आणि पंगतीत दोन्हीकडची माणसं दिसू द्या.

मुलाखत आणि प्रवेश

भारतातल्या जोडीदाराची मुलाखत मुंबईत, बांद्रा-कुर्ला संकुलातल्या कॉन्सुलेटमध्ये. तिसऱ्या देशात राहणाऱ्यांनी राहत्या देशात किंवा नागरिकत्वाच्या देशात ती द्यायची. वैद्यकीय तपासणी कॉन्सुलेटने नेमलेल्या डॉक्टरांकडेच. प्रश्न साधे असतात, पण "कधी जाणार, कुठे राहणार, नवरा काय करणार?" याचं उत्तर दोघांचं एकच असावं. व्हिसा मिळाल्यावर २३५ डॉलरची आणखी एक फी ऑनलाइन भरा, ती राहिली तर कार्ड छापून येत नाही. प्रवेशाचा शिक्का बसलेला व्हिसा एक वर्ष कार्डासारखाच चालतो.

कार्ड हातात आल्यावर पुन्हा भारत?

"सहा महिन्यांतून एकदा तोंड दाखवून आलं की झालं." हे वाक्य ज्याने पहिल्यांदा म्हटलं त्याने पुष्कळ कार्डं घालवली आहेत. १८० दिवसांच्या वर बाहेर राहिलात तर परत येताना नव्याने प्रवेश मागणाऱ्यासारखी तपासणी होते. वर्षाच्या वर राहिलात तर कार्ड प्रवेशासाठी चालत नाही. पण त्याआधीही, दर पाच महिन्यांनी दोन आठवड्यांसाठी जाणाऱ्याला अधिकारी विचारू शकतो, "तुम्ही नक्की राहता कुठे?" महत्त्व दिवसांना आहे, त्याहून जास्त घर कुठे आहे याला.

खरंच काही काळासाठी परतावं लागलं, आईचं आजारपण किंवा कंपनीचं काम, तर आय-१३१ भरून री-एंट्री परमिट घ्या. फी ६३० डॉलर, मुदत दोन वर्षांपर्यंत. अर्ज करताना तुम्ही अमेरिकेत असायला हवं आणि बोटांचे ठसेही तिथेच. त्यानंतर निघालात तरी चालतं, परमिट इथल्या कॉन्सुलेटमधून घेता येतं. सशर्त कार्डावर मात्र ते आय-७५१च्या तारखेपलीकडे मिळत नाही, हे आयआर-१साठी थांबण्याचं आणखी एक कारण.

एक कमी माहीत असलेली वाट. अमेरिकन जोडीदाराला अमेरिकी सरकारने, अमेरिकन कंपनीने किंवा तिच्या बहुसंख्य मालकीच्या उपकंपनीने, नोकरीच्या करारानुसार निदान एक वर्ष परदेशात नेमलं असेल, तर ग्रीन कार्ड असलेल्या जोडीदाराला कलम ३१९(ब)खाली नेहमीची तीन वर्षं न थांबता नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. मुलाखत आणि शपथ अमेरिकेतच. त्यानंतर परदेशात राहिल्याने काही जात नाही. इथेच नेमणूक मिळालेल्यांना ते बसेलच असं नाही, अर्ज करण्याआधी नेमणुकीचं पत्र घेऊन वकिलाकडे जा. आणि ही वाट घेतली की भारतीय पासपोर्ट परत करून ओसीआय काढावं लागतं, हे घरी आधी बोला.

कराचा फास मात्र कार्डाच्या पहिल्या दिवसापासून बसतो. आता दोघांचीही जगभरची कमाई अमेरिकेला दाखवायची. पीपीएफचं व्याज इथे करमुक्त, तिकडे नाही. भारतीय म्युच्युअल फंड तिकडे पीएफआयसी, म्हणजे परदेशी गुंतवणूक कंपनी, या वर्गात पडतात आणि दर फंडाला फॉर्म ८६२१ भरायची वेळ येऊ शकते. एसआयपीवर एसआयपी करणाऱ्यांनी कार्ड घेण्याआधीच्या वर्षात फंडांचं काय करायचं ते ठरवावं. कर वाचवायला "मी अमेरिकेचा रहिवासी नाही" असं रिटर्नमध्ये लिहिलंत तर तेच वाक्य पुढे कार्ड सोडल्याचा पुरावा म्हणून तुमच्यासमोर येऊ शकतं.

आणि कार्ड घेऊन झालंय, पण आता आणखी पाच-सात वर्षं जाणं नाही हे उमगलं असेल, तर ते हातात धरून विमानतळावर जीव मुठीत घेऊन उभं राहण्यापेक्षा आय-४०७ भरून परत करणं शहाणपणाचं. त्याला फी नाही, टपालाने पाठवता येतो. मग बी-२ मागताना सांगायला स्वच्छ उत्तर असतं. कार्ड मागच्या पंधरा वर्षांपैकी आठ वर्षं जवळ असेल तर परत करण्याआधी करसल्ला घ्या, सोडताना लागणारा वेगळा कर आहे. आणि पुढे कधी खरंच जायचं ठरलं, तर अमेरिकन जोडीदार नवा आय-१३० पुन्हा भरू शकतो, पहिल्यासारखाच, रांगेशिवाय.